एर्माना

आमच्या चिलोएच्या बेटांवर नन बाईंना एर्माना म्हणतात.
एर्माना म्हणजे बहीण.
धक्क्यावरचे कोळी, दवाखान्यातल्या बाळंतिणी,
पिऊन पडलेला फाउस्तिनोसुद्धा
तिला एर्माना एदुविना म्हणायचा.
जिची ती सख्खी बहीण, ती मी एकटीच
तिला नुसतं वीना म्हणत आले.

ती मठात गेली तेव्हा मी नऊ वर्षांची.
आईनं तिची वेणी कापली
मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्रीनं
आणि बिस्किटांच्या डब्यात घातली.
बाबा काही बोलले नाहीत.
होडीला डांबर लावत बसले,
आदल्याच दिवशी लावलं होतं तरी.

वर्षाला एक पत्र. त्यात
अमक्या बेटावर लाटा फार,
तमक्या बेटावर जुळी झाली, एक जगलं.
आणि शेवटी, बटाटे कसे आलेत यंदा?

आईचं अंग लुळं पडलं, तेव्हा ही
दुसऱ्याच कुणाच्या आईला कुशीवर वळवत होती.
हे मी तिला तोंडावर सुनावलं,
धक्क्यावर, चारचौघांत.
ती होडीच्या इंजिनाचा प्लग घासत होती.
म्हणाली, "हो."
आणि प्लग बसवला.

मठ मागच्या हिवाळ्यात बंद झाला.
चौघी उरल्या होत्या.
दोघी सान्तियागोला गेल्या, एक मातीत,
आणि ही माझ्या दारात:
दोन करडे झगे, पाने-पकडींची पेटी
आणि वाकायला तयार नसलेले गुडघे.

रात्री चुलीपाशी विचारलं,
हाक आली म्हणतात, म्हणजे काय आलं गं?
ती बटाटा सोलत होती, साल तुटू न देता.
"आवाज नव्हता काही.
बटाटे काढताना तू मध्येच कंबर सरळ करतेस,
समुद्राकडे बघतेस, उगाच,
कुणी बोलावलेलं नसतं.
तसंच. मी फक्त परत वाकले नाही."

साल पुरती उतरली.
"खोटं बोलले. वाकले की.
दुसऱ्यांच्या वाफ्यात."

आईसाठी रडलीस का, हे विचारायचं होतं.
त्याऐवजी मी डबा काढला.
वेणी अजून काळीभोर, कसरही लागलेली नाही.
तिनं ती आपल्या पांढऱ्या, आखूड केसांशी धरली,
खिडकीच्या काचेत बघितलं
आणि आम्ही हसलो,
इतक्या, की कुत्रं भुंकायला लागलं.

पहाटे दारावर थापा.
कुरान्तोच्या खाचरापलीकडली पोर, भिजलेली,
घरी वहिनी अडलीय म्हणाली.
"एर्माना! एर्माना!"

आम्ही दोघीही उठलो.
अंधारात बूट आधी मला सापडले.