हात लावा

कोपरखैरणे, सेक्टर पाच.
माझं दुकान रुंदीला दीड हात.
काचेवर रिचार्ज, झेरॉक्स, स्क्रीनगार्ड,
आणि कोपऱ्यात मीच पेनानं लिहिलेलं: 'शिकवू पण'.

ते वाचून बयाजी शेडगे आत आले.
मसाला मार्केटात एकतीस वर्षं माथाडी,
गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून घरी.
शर्टाला अजून धण्याचा वास.

"पोरी, लिवलंय. आता ह्ये म्होरं कसं जातं?"

एका बोटानं लिहिलेलं, अनुस्वार सापडत नाही म्हणून अनुस्वाराविना:
जिऱ्याच्या गोणीत निघालेलं एक पैंजण,
खोलीतल्या चौदा जणांत उशी कुणाकुणाची,
आणि तातोबा जंगम,
डोक्यावर शंभर किलो घेऊन शीळ घालत फळीवरून चढणारा.

मी बोट ठेवलं. हा बाण. दाबा.
नावं येतील. निवडा. सोडा.

"बाण वाकडा का?"
मला कधी पडला नव्हता हा प्रश्न.
"वझं आसंल त्याच्या पाठीवर," तेच म्हणाले, आणि सोडलं.

"गेलं?"
गेलं.
"मग हितं कसं दिसतंय?"
काका, पाठवलं तरी आपल्याकडे राहतंच.
त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.
"आमची गोणी दिली की मान मोकळी व्हायची.
ही कसली हमाली, दिऊन बी उतरंना."

अकरा जणांना गेलं. अकरा जणांनी वाचलं.
पुढे कुणी दिलं नाही.

मी म्हटलं, खाली लिहू या, शेअर करा,
दोन जोडलेले हात, एक बदाम, सगळे टाकतात.
"शेअर मागणारा दलाल आसतो," म्हणाले.
"मान एकल्याची आसती, पण गोणी एकल्यानं चढत न्हाई.
वाटंनं जाणाऱ्या परक्याला बी म्हणावं लागतं.
त्येच लिव. हात लावा."

लिहिलं.
आणि लागले की हात!
घणसोली, तुर्भे स्टोअर, पाटणचा स्टँड,
कुणाची सून, कुणाचा मुकादम,
कुठून कुठे, ते मोजायची सोय फोनात नाही.

एका गुरुवारी ते परत आलं,
त्यांच्याच ऐरोलीच्या व्याह्याकडून.
वर गुलाब, सूर्य, शुभ सकाळ.
बयाजी शेडगे हे नाव गळालेलं,
त्या जागी 'एका कलेक्टरचे अनुभव'.

मीच तापले.
ते चष्मा लावून सगळं वाचत बसले, परक्याचं वाचावं तसं.
"मार्का पुसलाय. गोणी भिजली की शाई जातीच.
जिरं आपलंच हाय."
मग थांबले. कुणीतरी वाटेत अनुस्वार दिले होते,
सगळे, जिथल्या तिथे.
आणि तळाशी, 'हात लावा'च्याही खाली, एक ओळ:

शीळ नव्हे. ओठ मिटून गुणगुणायचे.
मी त्यांची मुलगी, जुईनगर.

नाव नाही, नंबर नाही.
"ह्यो बाण माघारी वळत न्हाई व्हय?"
मी उगीच सगळीकडे दाबून बघितलं.
नाही वळत, काका.

संध्याकाळपर्यंत ते माझ्या स्टुलावर बसून होते,
तीन गिऱ्हाइकं उभीच राहिली.
नवं लिहिलं, चारच ओळींचं:
शीळ नव्हती, माझं चुकलं, गोंगाटात तसं वाटायचं,
पैंजण कुणाचं ते मात्र अजून कळलं नाही.
आणि खाली तेच दोन शब्द.
मलाही पाठवलं. बारावी मी.

रोज वीस जणांना मी बाण दाखवते.
काकांचं एकही अजून पुढे दिलं नव्हतं,
हे शटर अर्धं ओढल्यावर ध्यानात आलं.

जुईनगरला माझी एक मैत्रीण राहते.
दोन वर्षं बोलत नाही आम्ही, कारण आता सांगण्यासारखं उरलेलं नाही.
नावांत खाली खाली जात तिच्यापाशी आले.
बोट बराच वेळ तसंच.
निवडा.
सोडा.