एकशे तीन

कातोवित्सेत उणे नऊ.
कालिनानं उघडा बोर्ड बाल्कनीत मांडलाय,
वाळक्या जिरेनियमच्या कुंडीला टेकवून.
शंभर. एकशे एक. एकशे दोन.
प्रोसेसर गार, दमसुद्धा लागलेला नाही.
एकशे तीनला डिस्कच दिसेनाशी झाली.

स्वस्तातला बोर्ड. घड्याळ एकच,
त्याच्याच ठोक्यावर डिस्क, नेटवर्क, यूएसबी, अख्खी वरात.
नवरदेवाला पळायचंय,
बँडवाल्यांचे पाय भरून आलेत.

महागड्या बोर्डात प्रोसेसरला
वेगळं घड्याळ मिळतं म्हणे.
तेवढ्यात तिचं महिन्याचं भाडं निघतं.

खालच्या होनोराताबाई मान वर करून विचारतात,
"एवढ्या थंडीत काय गं वाळत घातलंस?"

कालिना बॅटरीचं बटण उचकटते,
मिनिटभर मुठीत धरते.
बोर्ड सगळं विसरून परत शंभरावर.
ती बधिर बोटांनी आकडा भरते:
एकशे दोन पूर्णांक सात.