सतरा मिनिटं

लसूण सोलायचा नाही, हलवायचा.
पाकळ्या स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट,
आणि खुळखुळ्यासारखा डबा वाजवायचा.
सालं आपोआप सुटतात.
हे कुमुदिनी सामंतने सांगितलं,
चुनाभट्टीच्या स्टॉपवर, बस येत नव्हती म्हणून.

वाटण रविवारीच, बर्फाच्या ट्रेमध्ये.
आमटीला दोन चौकोन, बांगड्याला चार.
बांगडे कोळणीकडूनच कापून आणायचे,
ती कुरकुरते, पण कापते.
कुकरात खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे,
तिघांना मिळून चार शिट्ट्या.
गवार शनिवारी मोडून ठेवायची, टीव्हीसमोर,
सासूबाईंकडून.

हिशेब केला. रोजची सतरा मिनिटं.

पहिल्या दिवशी ताटं लवकर मांडली
तर ह्यांनी घड्याळ पाहिलं,
सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात झालं?"
आणि आमटीत मीठ कमी निघालं,
जे कमी नव्हतं.
शिवाय इस्त्रीचे कपडे हातात आले.

तेव्हापासून
गॅस बंद करून मी तांदळाच्या डब्यावर बसते,
पाठ ओट्याला.
शब्दकोडं सोडवते. उभे शब्द आधी.
मधूनमधून उलथनं कढईवर आपटते,
नळ सोडते, बंद करते.
"होतच आलंय," म्हणते,
कुणी विचारलेलं नसतानाही.

काल पडदा सरकला.
सासूबाई, हातात रिकामी परात.
त्यांनी गॅसकडे पाहिलं, कोड्याकडे, माझ्याकडे.
परात ठेवली, जरा आवाज करूनच,
आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,
"उलथनं बाहेर नीट ऐकू येत नाही.
मी खलबत्ता कुटायचे.
रिकामा."