धुरपताबाईंची प्रत

तेरा वनस्पतींची नावं मी तिच्याकडून घेतली.
ती पाण्यात मांडीभर,
मी पाळीवर, बूट सांभाळत.
हे देवधान, हा चिला, ही गाद,
हिच्यात दाडक अंडी घालते,
तिकडं मरळ पिल्लं राखते.
मी वहीत लिहिलं, घरी येऊन लॅटिन केलं.

दोन वर्षांनी निबंध छापून आला.
कॉलेजात पेढे. प्राचार्यांनी
इम्पॅक्ट फॅक्टर दोनदा मोठ्यानं वाचला.

मग ती आली, साकोलीचा बाजार उरकून.
टोपली ग्रंथालयाच्या व्हरांड्यात ठेवली.
"काय लिवलं जी सर, आमच्या बोडीवर?
दाखवा ना. नातू वाचन मले."

संगणक लावला.
सारांशाच्या सहा ओळी, खाली कुलूप. पिवळं.
एकोणचाळीस डॉलर, चोवीस तासांसाठी.
"किती होते जी?"
सांगितलं.
तिनं टोपलीकडं पाहिलं,
बोटांवर दाडकांचा भाव मोजला.
"म्हन्जे ठेका देल्ला तुमी," ती म्हणाली,
"बोडीचाच. कोनाले देल्ला?"

ती रात्र आठवली.
निबंध सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा
तर दोन लाख दहा हजार.
नाहीतर ह्या चौकोनात खूण करा: हक्क हस्तांतरित.
पदोन्नतीची मुदत शुक्रवारी संपत होती.
मी वाचलंही नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा लिहिला,
मराठीत, आठ पानं.
उकेसरांनी ग्रंथालयाच्या मशीनवर
चाळीस प्रती काढून दिल्या, कागद स्वतःचा.
एक मच्छीमार संस्थेच्या भिंतीवर,
हजेरीपटाशेजारी.

जानेवारीत फॉर्म भरताना
तीही नोंदवली, तळाच्या रकान्यात.
क्लार्क म्हणाला, सर, आयएसएसएन?
नाही.
मग खोडा, टोटल चुकते.

खोडलं.

परवा संस्थेत गेलो.
प्रतीवर खवले चिकटलेले,
तिसऱ्या पानाला हळदीचा अंगठा,
आणि समासात पेन्सिल, पाचवीतलं अक्षर:
"हे गाद नाही होय. आजी म्हंते चिला होय.
सरानं पाळीवरून पायलं."

दोन परीक्षकांनी तपासला होता निबंध,
एक लीड्सचा, एक कुठला ते कळवलं नव्हतं.
दुरुस्ती पाठवायला मी त्या पानावर गेलो.
कॉलेजची वर्गणी संपली होती.
कुलूप तिथंच. आत माझी गाद.