खरवड

बंदर अब्बासला बोट लागली तेव्हा
गुरुनाथला उतरू दिलं नाही.
कुठलातरी कागद कमी पडला.
अठरा तास कठड्याला टेकून
तो त्या देशाचे दिवे बघत राहिला
आणि भाजीपाला घेऊन आलेल्या होडीवाल्याकडून
केशराची एवढीशी डबी मिळवून
विजयदुर्गला आला.

सोबत पेन ड्राइव्ह, त्यात एक सिनेमा.
परत निघताना म्हणाला,
मी दारापर्यंत गेलो,
तुम्ही आत जाऊन या.

तर आम्ही गेलो.
मी, माझी सासू आवडाई,
आणि शेजारची सातवीतली केतकी,
जिला गृहपाठ नको होता.
पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं पळत होती,
त्यांच्यामागे मी.
आधी पुस्तकी मराठीत सांगितलं, दहा मिनिटांत दमले,
आणि तेहरानमधली निळ्या रुमालातली बाई
भाजीवाल्याला म्हणाली,
‘मेल्या, हेंका वांगी म्हणतत?’
आवडाई खुर्ची ओढून पुढे बसली.
मग त्या देशात सगळे मालवणीच बोलले,
हवालदार, दाताचा डॉक्टर,
रेडिओवरची बातम्या देणारीसुद्धा.

फारसं काही घडत नाही त्यात.
एक मुलगी परीक्षेला उशिरा पोचते.
एका भिंतीवरून दोन भावांचं वाजतं.
साखरेचा खडा दातात धरून चहा पितात.
(आवडाईने तिथल्या तिथे पिऊन पाहिला.
तिचे तीन दात, खडा निसटला.)

मग जेवण.
भाताचा टोप परातीत पालथा घालतात,
अख्खं घर श्वास रोखून,
आणि तळाचा भात वर येतो,
पिवळाधमक, कुरकुरीत, एका तुकड्यात.
त्यासाठी हात पुढे होतात.
पहिला मान पाहुण्याचा.

‘खरवड ती,’ आवडाई म्हणाली.
‘खरवड पावण्यांक देतत?’

मी टोपाबद्दल बोलले नाही.
सगळे उठल्यावर तो मांडीत घेऊन
कालथ्याने खरवडत बसायची ती, चाळीस वर्षं.
वर पेजेचं पाणी, आमसुलाचं बोट.
मग मी या घरात आले.
टोप मला कुणी दिला नाही.
तो आपोआप माझ्याकडे सरकला,
खाडीच्या तोंडाशी वाळू सरकते तसा.

पडद्यावर म्हातारीने पहिला तुकडा मोडला,
समोरच्या तरुण बाईकडे बघितलं.
काहीच बोलली नाही.
खालची पट्टी रिकामी.
मी वाचलं,
‘ही तुझी. पयली तुझी.’

केतकीला इंग्रजी येतं.
तिने माझ्याकडे पाहिलं
आणि शेंगदाणा सोलत राहिली.

पुढच्या रविवारी आवडाईनेच जुना तांदूळ काढला.
नवा चिकटतो म्हणाली.
त्यांची ती आंबट लाल फळं इथे कुठली,
मी आमसुलं कात्रीने बारीक कापून
साखरेच्या पाण्यातून काढली.
केशर खलात, साखरेच्या दोन दाण्यांबरोबर.
लोण्याच्या जागी तूप.
झाकणाला सासऱ्यांचा धुतलेला पंचा गुंडाळला,
ते दोनदा येऊन विचारून गेले,
माझो पंचो खंय.

टोप पालथा घातला.
अर्धी खरवड परातीत आली,
अर्धी टोपातच राहिली.
आलेल्या अर्ध्या भागाची कड जळलेली,
मध्यभागी केशर एकाच ठिकाणी साचलेलं.
सासरे हात पुढे करून थांबले.
आवडाईने तुकडा मोडला, त्यांच्या हातावरून
माझ्या ताटात ठेवला.

‘त्या म्हातारेचां तोंड हललां नाय होतां गो,’
ती आमटीचा डाव शोधत म्हणाली.
‘माका दिसता अजून.’

रात्री गुरुनाथचा फोन आला,
सिंगापूरच्या अलीकडून कुठूनतरी, तुटत तुटत.
गेलात का आत? काय काय पाहिलं?
दाढेत एक कडक शीत अडकलं होतं,
ते मी जिभेने सोडवत होते.
म्हटलं, थांब जरा.