तिसरा डबा

चांडकांच्या दुकानात पोऱ्यानं आधी
सहा अँटेनावाला काढला, उताण्या विंचवासारखा.
"तीन हजाराचा स्पीड आहे, वहिनी."
मी म्हटलं, आमच्या लाइनला पन्नास येतो,
उरलेले दोन हजार नऊशे पन्नास कुठं ठेवू, कणगीत?
हसला. मग खरं बोलायला लागला.

मे महिन्यात टिनाखाली हा किती दिवस टिकतो,
लाइट गेली की बॅटरीवर किती वेळ जगतो,
गावात वीज पडली तर काय काय जळतं,
आणि बिघडला तर आर्वीचा माणूस येतो
की फोनवर नुसती बाई बोलते.
दुपारी दोन ते रात्री नऊ
मला नागपूरच्या दवाखान्यांची बिलं तपासायची असतात.
लाइन चारदा तुटली की अर्धा दिवस कापतात.
पळणारा नको होता मला.
बसून राहणारा पाहिजे होता.

निकेश उईके आला शिडी घेऊन.
"यात दोन पट्टे आहेत पाहा, एक पाचचा, एक अडीचचा.
पाच म्हणजे गोऱ्हा. उधळते, पण भितीपाशी थांबते.
अडीच म्हाताऱ्या बैलावानी,
हळू जाते, पण गाऱ्यातून निंगते."
आमच्या भिंती मातीच्या, दीड हात जाड.
फोन पुढं धरून आम्ही घरभर फिरलो,
हरवलेली अंगठी शोधावी तसे.
ओसरीत चार दांड्या. चुलीपाशी दोन.
गव्हाच्या लोखंडी कोठीमागं काहीच नाही.
"एका डब्यानं भागत नाही, तीन लागतीन.
आन् मधून तार टाकू. हवेचा काय भरोसा!"

पहिला मीटरजवळ.
दुसरा सैपाकखोलीत, फोडणीच्या वाफेपासून लांब.
तिसरा माझ्या टेबलाशी हवा होता, मागच्या खोलीत,
आणि तिथं एकच जागा निघाली:
हिस्सेवाटणीच्या भिंतीतला कोनाडा.
सबंध घरात हीच तेवढी विटांची.
चार इंची, घाईत बांधलेली, अजून प्लास्टर नाही.
"बसते बराबर," उईके म्हणाला,
"पण अर्धं नेट तिकडं जाईन."
गजेंद्र भिंतीकडं पाहत राहिला.
मग म्हणाला, "खिळा हळू ठोक.
तिकडं झोपले असतीन."

पासवर्ड त्यानंच टाकला. bandyalakha.
मला वाटलं, असेल कुठला देव सासरच्यांचा.

तीन महिने झाले. सांगण्यासारखं काही घडलं नाही,
आणि डब्यांसाठीच तर हे पैसे घातले होते.
एकदा वानरांनी निंबावरची तार तोडली,
उईके दुसऱ्या दिवशी अकराला हजर.
वीज कडाडली की मी प्लग उपसून ठेवते.
रोज नऊला काम संपलं, भांडी झाली,
की दहाला तिसऱ्या डब्याचं बटन बंद.
उगाच कशाला तापवायचा?

परवा फोनमधली यादी उघडली.
टीव्ही, गजेंद्रचा फोन, माझा लॅपटॉप.
खाली आणखी एक, बिननावाचा,
रोज साडेनऊला येणारा,
तिसऱ्या डब्याला चिकटलेला, एका दांडीवर.
ब्लॉक लिहिलेलं होतं, बोट तिथंच होतं.
भिंतीपलीकडून कुणीतरी हळू आवाजात
वर्तुळाची जीवा, वर्तुळाची जीवा, असं घोकत होतं.
चुलतसासऱ्यांची प्रांजली. यंदा दहावीला.

सासूबाईंना विचारलं, बांड्या कोण होता?
शेंगा फोडता फोडता म्हणाल्या,
"बैल होता. वाटणीत आपल्याकडं आला.
लाखा त्यांच्याकडं गेला.
सांगतलं ना कोणी तुले?
आठ दिवस दोघायनं कडब्याले तोंड नाही लावलं."

म्हणजे पोरीला कुणी सांगायची गरजच नव्हती.
त्या घरातही ही नावं एका दमातच घेत असणार,
मधी जागा न सोडता.

आता दहाला मी मागच्या खोलीत जाते,
लॅपटॉप मिटते, पंखा बंद करते.
कोनाड्यातलं बटन तसंच राहू देते.