आठ फूट काच

विट्याच्या एसटी स्टँडसमोर
सन्मती चौगुलेंच्या दुकानात आठ फूट काच आहे.
साडेचार तिची, साडेतीन माझी.
पुण्याचा साहेब येतो तेव्हा खिशातून टेप काढतो,
आधी काच मोजतो, मग मला.
"अर्धा फूट गेला कुठं?" म्हणतो,
जणू रात्रीत कुणी बांध कोरला.

मी हिरव्या कंपनीचा. टी-शर्टही हिरवे,
एक अंगावर, एक दोरीवर.
अर्चना लोंढे निळ्या कंपनीची.
तिच्या फलकावरची नटी
माझ्या फलकावरच्या खेळाडूकडं
पाठ करून उभी आहे, गेले सात महिने.

गिऱ्हाईक पायरीवर पाय ठेवतं
आणि आम्ही दोघं एकदम बोलतो.
ती कॅमेरा म्हणते, मी बॅटरी म्हणतो.
ती पाचशेनं उतरते, मी इअरफोन फुकट देतो.
लेंगऱ्याचा एक पोरगा आमच्या मधोमध
मुंडावळ्या बांधल्यासारखा लाजत उभा राहिला,
आणि जुनाच दुरुस्त करून घेऊन गेला.

दुपारी मात्र डबा एकच.
तिची शेंगदाण्याची चटणी, माझ्या आईची बाजरीची भाकरी.
साहेबांना हे माहीत नाही.
त्यांच्या नकाशावर खानापूर तालुका
एका महिन्यात हिरवा असतो, दुसऱ्यात निळा.
पावसाशी त्याचा काही संबंध नसतो.

एकतीस तारखेला दोघांनाही एकेक कमी पडत होता.
आठ वाजून गेले. चौगुले उदबत्ती लावून हिशेब मांडत होते.
तेवढ्यात हिंदुराव निकम आले,
तीस वर्षं कोइमतूरला गलाई केलेला माणूस.
बोटांवरच्या रेषा तेजाबानं नेल्या,
कुठलाच फोन त्यांचं बोट ओळखत नाही.
आम्ही दोघं उठलो. कॅमेरा. बॅटरी.
"मला जिता नको," म्हणाले. "मेलेले किती हैत?"

चौगुलेंनी खालचा खण उपडा केला.
फुटलेले, फुगलेले, विहिरीत पडलेले,
निळ्याचे, हिरव्याचे, आणि त्या कंपन्यांचे
ज्यांचे साहेब आता येतच नाहीत.
हिंदुरावांनी पाठी सोलल्या, पट्ट्या उचकटल्या,
सगळ्या एकाच तागडीत टाकल्या.

"काका, सोनं कुणाच्यात जास्त निघतं?"
अर्चनानं विचारलं, माझ्याकडं न बघता.
"मुशीत गेल्यावर मला कुठं कळतंय पोरी,
कोण कुणाचं ते.
किलोभर आटवलं तर गुंजभर, तेबी नशीब असंल तर.
धूर मात्र पोटभर."

ते गेले. शटर अर्ध्यावर आलं.
अर्चना बराच वेळ पावतीपुस्तकाचा कोपरा दुमडत बसली.
मग म्हणाली, "तुझा एक मला दे.
माझा एक तू घे."
चौगुलेंनी चष्म्यावरून पाहिलं, काही बोलले नाहीत,
दोन पावत्या फाडल्या.
टार्गेटचे दीड हजार तिला, दीड हजार मला.
हप्ता चौदाशेचा. बारा महिने. दोघांनाही.

त्या रात्री पुण्यातल्या दोन इमारतींत
दोन रेघा एकेक केस वर सरकल्या असतील.
कुणीतरी कुणालातरी शाब्बास म्हणालं असेल.

आता माझ्याकडं निळा आहे, तिच्याकडं हिरवा.
साहेब आला की मी तो भाकरीच्या फडक्यात गुंडाळतो.
परवा मी त्याच्या टेपचं टोक धरून उभा असताना
फडकं थरथरलं.
"कुणाचा?"
"गिऱ्हाइकाचा," म्हणालो. "दुरुस्तीला आलाय."

पलीकडच्या साडेचार फुटांवर
अर्चना काच पुसत होती,
पुसलेलीच,
एका हातानं.